शहराचे मार्क रानात मोजा



आमच्या जवळच्या शहराला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं. चौकाचौकात फलक लागलेत. अभिनंदन. पण माझा एक प्रश्न आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्याच शहरातून मी उसासाठी दोन ट्रॉल्या कंपोस्ट आणलं. दिसायला काळंभोर, वासही नाही. पहिलं पाणी दिलं आणि शाम्पूच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं, काचा वर आल्या. खुरपायला आलेल्या मावशींच्या बोटात काच गेली. याचे मार्क कुठल्या रकान्यात कापले?

स्वच्छ सर्वेक्षण 2016 पासून चालू आहे. त्यात शहरवाल्यांचं मत घेतात. ज्याच्या रानात तो कचरा शेवटी येऊन पडतो, त्याला कोण विचारतं? उरुळी देवाची-फुरसुंगीकरांना विचारा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथं ओतला, विहिरी नासल्या. शहर झाडलं म्हणजे कचरा संपला असं नाही, त्यानं फक्त गाव बदललं.

कंपोस्ट नको असं मी म्हणत नाही. जमिनीतला कर्ब घटलाय, शेणखत परवडत नाही. आपल्याला ते हवंच आहे. पण कचरा घरातच वेगळा झाला तरच खत चांगलं होतं. एकदा मिसळला की कुठलं मशीन तो पुरता निवडत नाही. इंदूर उगाच पुढं गेलं नाही. दारातच ओला-सुका वेगळा घेतला, म्हणून 2022 साली तिथं रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा गॅस प्लांट उभा राहिला.

मोजमाप नवीन शोधायला नको. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टचे निकष आहेत: सेंद्रिय कर्ब किमान 12 टक्के, 90 टक्के माल 4 मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे, शिसं किलोला 100 मिलिग्रॅमच्या आत. प्लास्टिक एक वेळ वेचता येईल, शिसं कसं वेचणार? प्रत्येक लॉटचा रिपोर्ट शहरानं जाहीर करावा आणि निम्मे मार्क त्यावर द्यावेत.

आणि आपणही साव नाही. मल्चिंग पेपर बांधावर जाळतो, औषधाच्या बाटल्या ओढ्यात टाकतो. ते आधी बंद करू, मग ताठ मानेनं बोलू.

तोवर रिपोर्ट बघितल्याशिवाय ट्रॉली रानात उतरवू नका. फुकट असली तरी.

तुमच्याकडच्या कंपोस्टचा अनुभव खाली लिहा, फोटोसकट.