बुबुळ पातळ, जाहिरात जाड

चष्मा घालवायचा तर सगळ्यात नवं तंत्र घ्या. पीआरके म्हणजे बैलगाडी, लॅसिक म्हणजे एसटी आणि स्माइल म्हणजे विमान, असा सिद्धांत सध्या पाचोऱ्यापासून जळगावपर्यंत व्याख्यानांतून आणि पत्रकांतून फिरतो आहे. सिद्धांतकर्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नव्यात पातं नाही, झडप नाही, दुखणं नाही, जुनं करून घेणारा एक तर कंजूष, नाही तर अडाणी. पैसे कमी पडले तर हप्ते आहेतच. उपमा झकास आहे, फक्त ती डोळ्याला लागू पडत नाही. पीआरके आणि लॅसिक या दोन्हींत बुबुळाला आकार देणारा किरण एकच, 193 नॅनोमीटरचा एक्सायमर. फरक आहे तो वाटेचा. पीआरकेत वरचा नाजूक थर बाजूला सारतात आणि तो काही दिवसांत पुन्हा भरतो. लॅसिकमध्ये साधारण 110 मायक्रॉन जाडीची झडप कापून उचलतात, काम झालं की परत बसवतात. स्माइलमध्ये फेम्टोसेकंद लेसर बुबुळाच्या आतच चकती कोरतो आणि ती 2 ते 4 मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतात. म्हणजे झडप न कापण्याचं जे कौतुक चाललं आहे, ते बैलगाडीलाही पहिल्यापासून लागू होतं.   

खरा मुद्दा जाडीचा, आणि नेमका तोच पत्रकात नाही. नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत 30 वर्षांवरच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले, तेव्हा बुबुळाच्या मध्याची सरासरी जाडी 514 मायक्रॉन भरली. पाश्चात्त्य पुस्तकांत 540 च्या आसपासचा आकडा असतो. सरासरी 514 असली की 480 वाले काही दुर्मीळ राहत नाहीत. आता हिशेब करा. उणे 6 नंबर, 6 मिलिमीटरचा पट्टा. दर नंबरामागे अंदाजे 12 म्हणजे 72 मायक्रॉन उडणार. लॅसिक केलं तर 480 मधून झडपेचे 110 आणि हे 72 वजा जाऊन खाली 298 उरतात. 250 ही किमान मर्यादा मानतात, पण पुष्कळ सर्जन 300 च्या खाली जायला कचरतात. त्याच डोळ्यावर पीआरके केलं तर वरच्या थराचे 50 सोडूनही 358 उरतात. विमानात झडप नसली तरी चकतीवर 120 च्या आसपास मायक्रॉनचं छप्पर ठेवावं लागतं. ते न कापलेलं असल्यामुळे झडपेपेक्षा बळकट, असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण छपराखाली उरतं किती, हा प्रश्न त्यालाही चुकत नाही. नागपूरच्या त्याच पाहणीत 2.3 टक्के लोकांत केरॅटोकोनसची, म्हणजे बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याची, लक्षणं आढळली. व्याख्या जरा ऐसपैस होती, निम्मे वगळा. तरी असा डोळा लेसरखाली गेला तर पातळ झालेलं बुबुळ आणखी फुगतं, आणि मग साध्या चष्म्यानंही नीट दिसत नाही. खान्देश म्हणजे नागपूर नव्हे, असा आक्षेप येईल. कबूल, मग इथली बुबुळं जाड आहेत हे मोजून दाखवा.

कोरडेपणाचा मुद्दा मात्र त्यांचा खरा: झडपेसाठी सुमारे 20 मिलिमीटरचा घेर कापला जातो आणि त्यात नसाही तुटतात, छोट्या चिरेत कमी तुटतात. जिनिंगच्या धुळीत नि मे महिन्याच्या झळांत राबणाऱ्याला हे महत्त्वाचं आहे. कुस्ती-कबड्डीवाल्यालाही झडप नकोच. दुखण्याचा मुद्दाही पीआरकेबाबत खराच, तीन-चार दिवस डोळा झोंबतो आणि मोठ्या नंबरात धूसरपणाचाही धोका असतो. चाळिशीचा चष्मा तर तिन्ही वाहनांना चुकत नाही.

मग निवडायचं कसं? आधी बुबुळाच्या टोपोग्राफीचा नकाशा आणि जाडी, मग नंबर वर्षभर स्थिर आहे का ते, मग काम कोणतं. तंत्राचं नाव सगळ्यात शेवटी. लेन्स वापरणाऱ्यानं मोजणीआधी काही दिवस ती काढून ठेवायची. नकाशा वाकडा निघाला तर चष्माच बरा, आणि तसं सांगणाऱ्या डॉक्टरला मागासलेला म्हणू नये. 'नोकरीसाठी चष्मा घालवा' असंही त्या पत्रकात ठळक अक्षरात असतं. पाचोऱ्याच्या फलाटावरून भुसावळकडे जाणारं इंजिन बघत भरतीची तयारी करणाऱ्या पोरानं ते वाचण्याआधी रेल्वेच्या सहायक लोको पायलट भरतीची जाहिरात वाचावी. लॅसिक किंवा नंबर घालवण्याची दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदासाठी अपात्र, असं तिथं लिहिलेलं असतं. त्या ओळीत बैलगाडी, एसटी आणि विमान एकाच रांगेत उभे आहेत.