सलाईनच्या बाटलीत ताकद किती? पाच-सहा चमचे साखर!

बोईसर : अंगात कणकण आली, हातपाय गळाले की पालघर, बोईसर-तारापूर पट्ट्यात एकच मागणी असते, ‘डॉक्टर, एक बाटली चढवा.’ तारापूर एमआयडीसीतला कंत्राटी कामगार असो की जव्हार-मोखाड्याकडून कामाला आलेला मजूर, खाडा पडला की मजुरी बुडते. म्हणून उद्या उभं राहायची घाई असते. पण त्या बाटलीत नेमकं असतं काय?

साध्या सलाईनमध्ये, म्हणजे एनएसमध्ये, साखर अजिबात नसते. 500 मिलिलिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, बस्स. ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणतात ती डी-5. तिच्यात 5 टक्के, म्हणजे अर्ध्या लिटरला 25 ग्रॅम साखर. चहाचे पाच-सहा चमचे! त्यातून मिळतात 100च्या आत-बाहेर कॅलरी. एका चांगल्या भाकरीत याहून जास्त ताकद असते. डीएनएसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही असतात, तर आरएलमध्ये क्षार असतात, साखर नसते.

मग बाटलीनंतर बरं का वाटतं? अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ते भरून निघतं. सोबत तापाचं औषध दिलेलं असतं आणि तासभर पडून आराम मिळालेला असतो. नाव मात्र सलाईनचं होतं.

याचा अर्थ सलाईन निरुपयोगी, असा नाही. उलट्या थांबत नसतील, लघवी बंद झाली असेल, उष्माघाताने शुद्ध हरपली असेल, प्रसूतीत रक्तस्राव झाला असेल, तर तीच बाटली जीव वाचवते. मधुमेही माणूस साखर उतरून बेशुद्ध पडला तर 25 टक्क्यांचं ग्लुकोज शिरेतून देतात. अशा वेळी घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं.

पण गरज नसताना चढवलेली बाटली महागात पडते. डी-5 किंवा डीएनएसने मधुमेहींची साखर भडकते. हृदय आणि किडनीच्या रुग्णांना जादा पाण्याने धाप लागते. डेंग्यूतही पाणी मोजूनच द्यावं लागतं, अति झालं तर छातीत पाणी होतं. सुईच्या जागी शीर सुजते ते वेगळंच.

जुलाब, साध्या अशक्तपणात तोंडाने पिता येत असेल तर ओआरएस पुरतं. 1971 च्या बांगलादेश युद्धावेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना हेच पाजून हजारोंना वाचवलं. आज आशाताईंकडे ओआरएसची पुडी फुकट मिळते. दुकानातून घेताना ‘डब्ल्यूएचओ’चं सूत्र पाहून घ्यावं. ओआरएस नाव लावून गोड पेयं विकली जात होती, म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने त्या नावाला मनाई केली.

डॉक्टरांकडे गेल्यावर बाटली मागण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. मधुमेह, बीपी, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगावा. आणि विचारावं, ‘साहेब, तोंडाने घेऊन चालणार नाही का?’ हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, उलट खिशातले वाचू शकतात.