क्रोमला फडका, चेनला ठेंगा!

परवा भाचा अ‍ॅव्हेंजर घेऊन उरवड्याला आला. क्रोम लखलखीत, अन् चेन गंजून लोंबलेली! पिरंगुटपासूनचा पावसाळी चिखल वर थापलेला. म्हणे, "सर्व्हिसिंगला बघतील की, मामा!"

अरे, सुटलेली चेन अडकली तर मागचं चाक जागीच जाम होतं. मागे बायको बसते तुझ्या!

आणि काम किती? गाडी बंद करून चेन पुसा, गिअर ऑइल लावा. एक्सलचा नट सैल करून दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा. साधारण इंचभर झोल ठेवा (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो), फार ताणली तर बेअरिंग जातं. नट घट्ट आवळून मागचा ब्रेक तपासा. झालं!

क्रोम चमकवायला अर्धा तास मिळतो, मग याला दहा मिनिटं का नाहीत?

असो. तुम्ही तुमची चेन शेवटची कधी पाहिलीत?