कारखान्यात कठडा, घरी मोकळी कड

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला की खापरखेड्यातील कष्टकऱ्यांची बिऱ्हाडे रात्री छतावर जातात. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब खालच्या खोलीची भट्टी करून टाकतो आणि कूलर असला तरी त्याच्या वाऱ्याने ती भट्टी निवत नाही. म्हणून गाद्या, मच्छरदाण्या, पाण्याची घागर असा सारा संसार वर चढविला जातो. मुले मधोमध निजतात. कडेच्या बाजूला घरातला कर्ता पुरुष किंवा म्हातारी आडवी होते, कारण स्लॅबला कठडा नसतो. चार कोपऱ्यांत खांबांच्या उघड्या सळया वर आलेल्या असतात. पुढेमागे पैसा हाती आला म्हणजे त्यांवर दुसरा मजला चढवावयाचा असतो. मजला चढणार असेल तर कठडा बांधून पुन्हा पाडायचा कशाला, असा हिशेब गवंडीही सांगतो आणि घरधनीही मान्य करतो. तो मजला कधी पाच वर्षांनी चढतो, कधी पंधरा वर्षांनी, कधी चढतच नाही. मधल्या काळात सळया गंजतात आणि मुले त्या मोकळ्या कडेवर वाढतात. मेमध्ये निजण्यासाठी, वाळवणाच्या दिवसांत कुरडया-पापडांसाठी आणि संक्रांतीला पतंगांसाठी, वर्षातून तीनदा सारे घर त्या कडेपाशी उभे असते.

याच गावच्या औष्णिक विद्युत केंद्रात मात्र चित्र निराळे आहे. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक अशा पाच संचांतून १३४० मेगावॅट वीज निर्माण करण्याची क्षमता असलेल्या या केंद्रात बॉयलरच्या उंच जाळीदार मार्गिकांवर चढणाऱ्या कामगारासाठी कठडा असावाच लागतो. तो कोणा साहेबाच्या दयाबुद्धीतून आलेला नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाने जिन्यांना व मार्गिकांना आवश्यक तेथे भक्कम कठडे बसविण्याचे बंधन मालकावर घातले; तेहतिसाव्या कलमाने जमिनीतील खड्डे व उघडी भोके झाकण्याचे किंवा त्यांना कुंपण घालण्याचे बंधन घातले. त्या कायद्यामागे अर्ध्या शतकाहून अधिक काळाचे कामगारलढे होते. कठडा नसेल तर जाब विचारायला निरीक्षक होता आणि निरीक्षक झोपला तर त्याला जागे करायला युनियन होती. ठेकेदारी कामगाराच्या वाट्याला या संरक्षणाचा उष्टा तुकडाच आला, हे खरे. तरीही बंधन कोणाचे आणि उत्तरदायी कोण, याविषयी कायद्यात संदिग्धता नव्हती.

पाळी संपवून तोच कामगार घरी येतो आणि स्वतःच्या छतावर चढतो, तेव्हा हे सारे उत्तरदायित्व गेटपाशीच राहिलेले असते. जो देह आठ तास राष्ट्राची संपत्ती म्हणून जपला जातो, तो उरलेले सोळा तास ज्याचा त्याने सांभाळावयाचा! आणि त्याची बायको-मुले तर कोणत्याच हजेरीपटावर नसतात.

नियम नाहीत असे नाही. भारतीय मानक संस्थेने १९७० साली राष्ट्रीय इमारत संहिता प्रसिद्ध केली. १९८३, २००५ आणि २०१६ साली ती सुधारली. गच्ची, सज्जा, व्हरांडा यांच्या कडेचा कठडा तयार फरशीपासून साधारण मीटरभर उंच असावा, हा दंडक त्या परंपरेतलाच आहे आणि राज्याच्या विकास नियंत्रण नियमांतही तो उतरला आहे. येथे ‘तयार फरशीपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ठेकेदार कच्च्या स्लॅबवरून फूटपट्टी लावतो. नंतर गळती थांबविण्याचा कोबा आणि त्यावर टाइल बसली की तीन-चार इंच गिळले जातात, आणि कागदावर छातीला लागणारा कठडा प्रत्यक्षात कमरेशी येतो. कमरेशी आलेला कठडा माणसाला अडवीत नाही, त्याला कलंडायला टेकू देतो.

भारतीय मानक ८७५ चा दुसरा भाग याहून पुढचा विचार करतो. कठड्यावर माणसे रेलली, ढकलली गेली, तर किती आडवा दाब त्याने सोसावा हे तो सांगतो. घरगुती सज्ज्याला कमी आणि गर्दीच्या जागेला कितीतरी अधिक. आता संक्रांतीच्या दिवशी खापरखेड्यातील एखाद्या चाळीच्या गच्चीला घरगुती सज्जा म्हणावे की सभास्थान, हे पुस्तक लिहिणाऱ्यांनीच येऊन पाहावे. वर आकाशात नजर, हातात मांजा, मागे सरकणारी पावले आणि पायाशी चार विटांची कड!

हा दंडक कोणापर्यंत पोहोचतो? ज्याच्या दारी वास्तुविशारद येतो, ज्याचा नकाशा मंजुरीला जातो आणि ज्याला भोगवटा प्रमाणपत्राशिवाय बँक दार उघडीत नाही, त्याच्यापर्यंत. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने मंजूर केलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील लहान घरांना परवान्याच्या फेऱ्यांतून सोडविले. आराखडा आणि शुल्क दाखल केल्याची पावती हाच परवाना समजला जाऊ लागला. गरिबाचे हेलपाटे वाचले, लाचेची एक खिडकी बंद झाली, याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु लाच घेणारा डोळा काढून टाकताना शासनाने मोजणारा डोळाही काढून टाकला. लहान घराकडे पाहायला आता कोणीच येत नाही आणि जीव घेणारी मोकळी कड तर लहान घरालाच असते.

घरकुलाचीही हीच कथा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान पंचवीस चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपयांचे अनुदान ठरविले गेले. जोते, भिंती, छत असे टप्पे मोजून हप्ते पडतात; छत पडले की घर ‘पूर्ण’ झाल्याचे छायाचित्र निघते. कठडा हा कोणताच टप्पा नाही. छत गळू नये याची काळजी सरकार करते, छतावरून माणूस पडू नये याची करीत नाही. आणि विदर्भातील घराचे छत ही उन्हाळ्यातील निजण्याची खोली आहे, हे तर दिल्लीच्या कोणत्याच तक्त्यात नाही.

याउलट नागपूरच्या श्रीमंत वस्त्यांत कठडा हा हौसेचा विषय झाला आहे. तेथे काच हवी की पोलाद, एवढाच प्रश्न उरला आहे. काच हवी असेल तर दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा घातलेली घ्यावी, कारण नुसती कडक केलेली काच फुटली म्हणजे क्षणात खडीसारखी खाली ओतते आणि कठड्याच्या जागी भोक उरते. हे ज्याला परवडते त्याला सांगणारेही भेटतात. कामगाराच्या वाट्याला येतो तो वेल्डिंगच्या दुकानातला पाइप. ‘स्टेनलेस’ म्हणून विकला जाणारा पाइप बहुधा २०२ जातीचा असतो. त्यात निकेल कमी, म्हणून भाव कमी आणि गंजण्याची घाई अधिक. ३०४ जातीचा पाइप दिसायला तसाच, किमतीला चढा. बघून ओळखता येत नाही आणि गिऱ्हाइकाच्या या अज्ञानावर बाजार चालतो. साध्या लोखंडाला तर कोळशाच्या धुरातील गंधक आणि पावसाळी ओल यांची जोडी लवकर खाते, हे रसायनशास्त्राचे प्राथमिक सत्य आहे. वीज केंद्रांच्या धुरातील गंधकाला आवर घालण्याचे मानदंड केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये काढले, त्यांच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढविल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना गंधक काढण्याच्या यंत्रणेतून सूटच देऊन टाकली. फुप्फुसांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. कठड्याच्या बुडाशी धरलेला गंज हा त्याच हिशेबातला एक लहान आकडा आहे.

गंज बुडाशी धरतो, तेथेच कठडा तुटतो. खालची पट्टी स्लॅबमध्ये खोल न रोवता वरच्या टाइलला आणि गिलाव्याला दोन बोल्टांनी चिकटविली जाते. रंग ताजा असेपर्यंत ती भक्कम दिसते. त्यात गजही आडवे! आडवे गज म्हणजे चार वर्षांच्या मुलाला आयती शिडी. उभे गज घातले तर वेल्डरची मजुरी वाढते. दोन गजांमधून चार इंचांचा गोळा जाता कामा नये, असा नियम अमेरिकेच्या निवासी घरांच्या संहितेत आहे. शंभर मिलिमीटरचा तसाच नियम इंग्लंडमध्येही आहे. लहान मुलाचे अंग एकदा गजांतून निघाले की डोके अडकते किंवा मूलच खाली जाते, या अनुभवातून ते आकडे आले. भांडवलशाही देशांनी आपल्या घरातील मुलांसाठी मोजलेले हे चार इंच आपल्याकडील कामगाराच्या मुलासाठी चैन ठरावेत, हा कोणता न्याय?

येथे दोन बाजूंनी आक्षेप येतील. एक जुनाच आहे: घर ज्याचे, जबाबदारी त्याची. हा युक्तिवाद करणारे लोक मोटारीच्या पट्ट्याविषयी किंवा विजेच्या तारांविषयी असे म्हणत नाहीत. एक लाख वीस हजारांत घर उभे करणाऱ्याला कठडा आणि दार यांतून एक निवडावे लागते; तो दार निवडतो. या निवडीला स्वातंत्र्य म्हणणे ही थट्टा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार जगात दर वर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात आणि त्यांतील ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू कनिष्ठ व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखेच असताना मृत्यू गरीब देशांकडे का झुकतात, याचे उत्तर ‘ज्याची त्याची जबाबदारी’ म्हणणाऱ्यांनी द्यावे.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो, आणि तो अधिक टोचतो. वेतनकरार, खाजगीकरण, कोळशाचे राजकारण असे मोठे प्रश्न समोर असताना कठड्याच्या इंचांत कशाला गुंतावे, असे म्हणणारे कार्यकर्ते कमी नाहीत. घराच्या प्रश्नाकडे ‘बायकांचा प्रश्न’ म्हणून पाहण्याची आपली खोड यात डोकावते. कारखान्यातील कठड्यासाठी भांडलेली चळवळ वस्तीतील कठड्यापाशी मुकी झाली, याचा फायदा कोणी घेतला हे नव्या संहितांनी दाखविले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. वीज वापरणारा कारखाना म्हणण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. निरीक्षकाचे नामकरण ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ असे झाले. सुविधा कोणाची, हे सांगायला नको. पूर्वी दहा लाखांपर्यंतचे स्वतःचे राहते घर बांधणारा मालक बांधकाम कामगारांच्या कायद्याबाहेर असे. सामाजिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा पन्नास लाखांवर नेली. पन्नास लाखांचा बंगला बांधणाऱ्याने कामगार कल्याणाचा एक टक्का उपकरही द्यायचा नाही, आणि त्याच बंगल्याच्या तिसऱ्या मजल्यावर बिनकठड्याच्या फळीवर उभा राहून गवंड्याने दुसऱ्याचा कठडा बांधायचा. घरातील कठडा क्षुल्लक मानला की कारखान्यातलाही ढिला होतो.

मागणी अवाजवी नाही, आणि खापरखेड्यात तर ती हास्यास्पद वाटावी इतकी स्वस्त आहे. पाच मीटर बाय पाच मीटर छताचा घेर वीस मीटर. साडेचार इंची जाडीची मीटरभर उंच भिंत घातली तर हजार-अकराशे विटा लागतात. एवढी बारीक भिंत एकटी उभी राहणार नाही, म्हणून दर दोन-अडीच मीटरवर विटांचा जाड खांब आणि माथ्यावर सळई घातलेली सिमेंटची पट्टी हवी. कोपऱ्यांतील त्या उघड्या सळयांनाच ही पट्टी बांधता येते; पुढे मजला चढला तर चढो. आणि विटा? राखेचे डोंगर गावाच्या वेशीवर उभे आहेत. औष्णिक केंद्रांभोवती पन्नास किलोमीटरच्या आत विटांत राख मिसळण्याची सक्ती केंद्राने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने केली. पुढे हे अंतर शंभर आणि २०१६ मध्ये तीनशे किलोमीटरपर्यंत वाढविले गेले. २००९ च्या दुरुस्तीने वीट कारखान्यांना काही कोरडी राख मोफत देण्याचेही बंधन घातले होते. जी राख गावाच्या पाण्यात आणि श्वासात फुकट मिळते, ती विटेच्या रूपाने गावाच्या छतावर फुकट का मिळू नये?

महानिर्मितीने सामाजिक दायित्वाच्या निधीतून कमानी आणि स्वागतफलक उभारण्याआधी प्रत्येक घरकुलामागे बाराशे राखविटा द्याव्यात. घरकुलाच्या अनुदानात कठडा हा स्वतंत्र टप्पा धरून त्याची रक्कम वाढवून द्यावी. कठडा नाही म्हणून गरिबाचा हप्ता मात्र अडवू नये. पावतीलाच परवाना मानणाऱ्या नियमावलीत ग्रामपंचायत पातळीवर एका ओव्हरसियरची भेट, दंडाच्या अधिकाराविना, घालावी. कामगार वसाहतींतील जिने व गॅलऱ्या यांची तपासणी युनियनच्या प्रतिनिधीसमक्ष व्हावी आणि तिचा अहवाल मराठीत लावावा.

पण हे सारे मागण्यापूर्वी शाखांनी एक काम स्वतः करावयाचे आहे, आणि ते उन्हाळा लागण्यापूर्वीच केले पाहिजे. मापाची टेप घेऊन दोन-दोन कार्यकर्त्यांनी, त्यांत एक स्त्री असावी, खापरखेडा, चनकापूर, सिल्लेवाडा, वलनी येथील वस्त्यांत घरोघर छतावर चढावे. कठडा आहे का, फरशीपासून किती उंच आहे, गज उभे की आडवे, बुडाशी गंज किती, रात्री वर कितीजण निजतात, एवढ्या नोंदी पुरेत. त्या वहीची एक प्रत सावनेरच्या तहसील कार्यालयात आणि दुसरी वीज केंद्राच्या गेटवर, पाळी सुटण्याच्या वेळी, द्यावी.