आमच्या नावावर हा पिंजरा नको

पुण्याच्या पोल्ट्री उद्योगातील धुरिणांना,



मोशीहून लिहिते आहे. तुमचा माल आमच्याच रस्त्यानं जातो. पुणे-नाशिक महामार्गावर पहाटे टेम्पोत जाळ्यांवर जाळ्या रचून कोंबड्या येतात. मग त्यांचे पाय बांधून, मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना उलट्या लटकवून त्यांना दुकानोदुकानी पोचवतात. शाळेत जाणारी मुलं हे रोज बघतात, आणि आता तर काही विचारतही नाहीत.

हे पत्र मांसाहाराविरुद्ध नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरी कोंबडी शिजते, अंडी खाल्ली जातात. दुसऱ्याच्या ताटात डोकावून सोवळंओवळं शिकवणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही. गरिबाच्या पोराला शाळेत अंडं मिळावं, असंच मला वाटतं.

माझ्या आजीच्या कोंबड्या होत्या. दिवसभर उकिरडा उकरायच्या, राखेत लोळायच्या, दिवेलागणीला आपापल्या खुराड्यात शिरायच्या. खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांवरून हलायची नाही आणि घार घिरट्या घालायला लागली की पिल्लं पंखांखाली घ्यायची. पाहुणा आला की आजी त्यांतलीच एखादी कापायची. पण सुरी फिरेपर्यंत ती कोंबडी कोंबडी म्हणून जगलेली असायची. अंड्यांचे पैसे आजीच्या चंचीत जायचे आणि आजोबा त्यांचा हिशेब विचारायचे नाहीत. तुम्ही ‘शेतकऱ्याचा जोडधंदा’ म्हणता तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे हेच येतं, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. माझं दुखणं तिथंच आहे.

आमच्याच गावच्या प्रदर्शन केंद्रात, एका कृषी प्रदर्शनात, अंड्यांसाठीच्या कोंबड्यांचा तुमचा तो पिंजरा मी जवळून पाहिला. रिकामा, चकचकीत. अंडं घरंगळत पुढं यावं म्हणून त्याचा जाळीचा तळ उतरता असतो. कोंबडी दीड वर्ष त्या तारांवर उभी राहते. एकीच्या वाट्याला जागा येते साधारण ४५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या ए-फोर कागदापेक्षाही कमी. तिथं पंख पसरता येत नाही, माती उकरता येत नाही, अंडं घालायला आडोसा मिळत नाही. दाटीत एकमेकींना टोचू नये म्हणून चोच आधीच कापलेली असते. खुडूक बसणं तर निवडपैदाशीतून जवळजवळ काढूनच टाकलंय, कारण तेवढे दिवस अंडी बंद होतात. आणि या जातीचे नर अंडी देत नाहीत, मांसही पुरेसं धरत नाहीत, म्हणून त्यांना अंड्यातून बाहेर पडल्या दिवशीच मारलं जातं.

याला कायदा आड येत नाही का? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं याच कलमावर बोट ठेवून, असे पिंजरे २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्यानं हटवा, असं राज्यांना कळवलं होतं. त्याच वर्षी विधी आयोगानं आपल्या २६९व्या अहवालात कोंबड्यांच्या या हालांची दखल घेतली. युरोपीय संघानं तर २०१२ पासूनच असे उघडेबोडके पिंजरे बंद केले. आणि पुण्यात, जे शहर या धंद्याची राजधानी म्हणून तुम्ही मिरवता, तिथं तुम्ही काय केलंत?

मांसासाठीच्या ब्रॉयलरची गत वेगळी, पण बरी नाही. चाळीसेक ग्रॅमचं पिल्लू चाळीसेक दिवसांत दोन किलोचं होतं आणि पुष्कळदा पायांना ते वजन पेलत नाही. खेड तालुक्यात माझ्या मामेभावाची करारावरची शेड आहे. आमच्या गावात अख्ख्या शहराचा कचरा डेपो आहे, त्यामुळं वासाचं कौतुक मोशीकरांना कुणी सांगायला नको. तरी त्या शेडमधल्या अमोनियानं माझे डोळे चुरचुरले. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची, भाव कंपनीचा. शेड, कर्ज आणि वीजबिल त्याचं. मरतूक वाढली की कपात त्याच्या पैशांत. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली ती आपल्या अंड्याचा भाव आपणच ठरवू, या जिद्दीतून. त्या चळवळीबद्दल मला आदर आहे. पण आज करारावरच्या शेतकऱ्याच्या हातात भाव तर नाहीच, शेडमधला पक्षीही त्याचा नाही.

आणि संकट आलं की खड्डे खणायचे. देशातला पहिला मोठा बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नवापुरात सापडला आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये पुन्हा नवापूर. त्याच वर्षी जानेवारीत मुळशीतलं नांदे आणि दौंडमधलं बोरीबेल. एका छपराखाली हजारो सारखेच जीव कोंबले की रोगाला कुठं अडखळायला लागत नाही. २०२० साली कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली, भाव कोसळले, आणि बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ एका शेतकऱ्यानं हजारो पक्षी जिवंत पुरले. त्याला खाद्य परवडत नव्हतं. मी त्याला दोष देत नाही, पण ते पक्षी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

कॉलिस्टिनचं तर काय बोलावं! सगळी औषधं थकल्यावर माणसाला द्यायचं ते राखीव अँटिबायोटिक, आणि ते पक्ष्यांचं वजन वाढावं म्हणून खाद्यात घातलं जात होतं. केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये बंदी घातली तेव्हा ते थांबवावं लागलं. आयसीयूत आमच्या कुणावर औषध चालेनासं झालं, तर त्या पापाचा वाटा कुणाच्या पदरात टाकायचा?

स्वस्त प्रथिनं हवीत, हे तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. हवीतच. पण पिंजरा मोडायचा खर्च पुन्हा त्या कर्जबाजारी शेतकऱ्याच्या माथी मारू नका. भांडवल तुमच्याकडं आहे, सरकारदरबारी वजनही तुमचंच आहे. शाळेतल्या अंड्याला दोन पैसे जास्त पडले तर ते सरकारनं द्यावेत, त्यासाठी मोर्चा काढा, मी येईन. आणि तोवर निदान एवढं करा: युरोपात प्रत्येक अंड्यावर कोंबडी कशी ठेवली होती त्याचा आकडा छापतात, पिंजऱ्यातलीला ३, मोकळ्यावर चरणारीला १. तुमच्या ट्रेवर तो कधी छापणार, ते कळवा. आणि मोशीतल्या पाच-पंचवीस बायकांना एकदा तुमच्या शेडचं दार उघडा. आम्ही चपला बाहेर काढू, औषधाच्या पाण्यात पाय बुडवू, तुम्ही सांगाल ते नियम पाळू. तारीख तुम्ही द्या.

आपली,
मोशीची एक रहिवासी