ग्रंथालयातील सरकारी कपाट

आपल्याकडील कोणत्याही जुन्या ग्रंथालयात गेल्यास, कथाकादंबऱ्यांच्या कपाटांपासून दूर, बहुधा जिन्याखालच्या किंवा माळ्यावरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, एकाच जाडीच्या आणि एकाच रंगाच्या ग्रंथांची एक रांग धूळ खात उभी असलेली दिसते. खानेसुमारीचे अहवाल, जमाबंदीचे अहवाल, विधिमंडळातील चर्चांचे वृत्तांत, राजपत्राचे बांधीव अंक आणि जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटिअरे असा तिचा ऐवज असतो. जागेची टंचाई भासू लागली की कार्यकारी मंडळाची दृष्टी प्रथम याच रांगेवर वळते, आणि 'हे वाचतो कोण?' या प्रश्नापाठोपाठ निर्लेखनाचा ठराव येतो. अलीकडे तर 'हे सारे संकेतस्थळावर आहेच' असा एक नवा आधारही त्या ठरावास लाभला आहे.

हे वाचतो कोण, याचे उत्तर आपल्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासाने यापूर्वीच देऊन ठेवले आहे. 1876 साली दादाभाई नौरोजी यांनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला आणि येथील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये भरते असे दाखवून दिले, तेव्हा त्यांनी काही शेतोशेत हिंडून मोजदाद केलेली नव्हती. सरकारनेच छापलेल्या कारभारविषयक अहवालांतील पिकांचे व भावांचे आकडे घेऊन ते त्यांनी सरकारच्याच भरभराटीच्या दाव्यासमोर उभे केले. पुढे अंदाजपत्रकावरील भाषणांत गोपाळ कृष्ण गोखले यांनी जे शस्त्र वापरले तेही याच शस्त्रागारातले होते. त्याहूनही बोलका दाखला जोतीराव फुले यांचा आहे. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, आणि रयतेच्या घामातून वसूल होणारा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, प्राथमिक शिक्षणाची मात्र आबाळ होते, असा जो परखड आक्षेप त्यात घेतला, तो आयोगाच्या साक्षींच्या खंडात छापला गेला. राजसत्तेने आपल्या कामासाठी छापलेल्या त्या खंडाने राजसत्तेवरचीच टीका पुढील पिढ्यांसाठी जपून ठेवली. अशा खंडाच्या प्रती ज्यांनी सांभाळल्या त्यांनी नकळत फार मोठे कार्य केले.

कागद शिल्लक असणे आणि तो वाचकाच्या हाती पडणे या दोन गोष्टी मात्र भिन्न आहेत, आणि पेशवे दफ्तराच्या हकिकतीइतका या भेदाचा जिवंत पुरावा महाराष्ट्राला दुसरा नको. मराठी राज्याच्या कारभाराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्यात इंग्रज सरकारच्या ताब्यात सुरक्षित होते, आणि तरीही ते संशोधकांना दीर्घकाळ मोकळेपणाने पाहता येत नव्हते. इतिहासाचार्य राजवाडे त्या काळात खेडोपाडी हिंडून, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा करीत होते. अखेर 1930 पासूनच्या काही वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे तो ठेवा लोकांपर्यंत पोहोचला. तोवर तो कागद सुरक्षित असूनही केवळ सरकारच्या मर्जीवर जगत होता.

आजचे संकेतस्थळ म्हणजे अशा रुमालाचेच नवे रूप होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल; गडचिरोलीतील विद्यार्थ्याला जो अहवाल पाहण्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे, तो आज त्याला घरबसल्या पाहता येतो. परंतु 1 ऑक्टोबर 2015 पासून भारत सरकारचे राजपत्र छापणे बंद होऊन ते केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघू लागले, त्या दिवसापासून प्रकाशक आणि एकमेव जतनकर्ता हे दोघेही एकच होण्याचा धोका निर्माण झाला. खात्याची पुनर्रचना झाली, संकेतस्थळ बदलले, की जुना अहवाल कोणी न काढताही दिसेनासा होतो. छापील पानावर दुरुस्ती करावयाची तर शुद्धिपत्र काढावे लागते आणि मूळ चूक सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते. पडद्यावरील आकडा रातोरात बदलला तर त्याची वार्ताही लागत नाही. सरकारच्या हेतूविषयी शंका घेण्याचे यात कारण नाही. पण कोणत्याही वादात पुराव्याची पेटी केवळ एका पक्षकाराच्या हवाली करून निश्चिंत राहणे शहाणपणाचे नसते. आणि 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीने हेही दाखवून दिले आहे की, एकाच ठिकाणी ठेवलेला कागद कितीही बंदोबस्तात असला तरी एका दुपारीत खाक होऊ शकतो.

1954 च्या ग्रंथप्रदान कायद्याने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालये यांच्याकडे प्रकाशनांच्या प्रती पाठविण्याचे बंधन घातले, आणि सरकारी प्रकाशनेही त्याच्या कक्षेत घेतली. परंतु त्या कायद्यातील ग्रंथ हा मुद्रणयंत्रावरचा ग्रंथ आहे. त्याची व्याख्या रुंदावून इलेक्ट्रॉनिक अहवालांची प्रतही या ग्रंथालयांच्या स्वाधीन व्हावी. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात निदान त्या जिल्ह्याविषयीची सरकारी प्रकाशने संपूर्ण असावीत. आणि कोणत्याही ग्रंथालयाने सरकारी ग्रंथ काढून टाकण्यापूर्वी त्यांची यादी इतरांकडे पाठवून, आपल्या हातची प्रत शेवटची तर नाही ना, याची खातरजमा करावी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने सरकारी अहवाल निष्ठेने सांभाळले आहेत. तेव्हा हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. दरम्यान ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना एक विनंती करावीशी वाटते. निर्लेखनाच्या ठरावावर सही करण्यापूर्वी त्या अंधाऱ्या रांगेतील एक खंड खाली काढावा, धूळ झटकावी आणि त्यात आपल्या तालुक्याचे नाव शोधावे. तेथील विहिरी, शाळा, पिके आणि माणसे यांची शंभर वर्षांपूर्वीची गणती वाचून झाल्यावरही तो खंड रद्दीच्या तराजूत घालावासा वाटला, तर मग खुशाल घालावा.