घरात ताप आहे, हे सांगायला लाजू नका

सोयाबीन काढायच्या दिवसांत हडंब्यावर काम करणारा माणूस बघा. तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय तो मशीनपुढे उभा राहत नाही. त्याला कोणी पत्रक वाटलेलं नसतं की दंडाची पावती दाखवलेली नसते. कुटाराचा भुगा डोळ्यांना दिसतो, नाकातोंडात जातो, रात्री खोकला येतो, तेवढं पुरतं. साथीचा भुगा दिसत नाही. आणि तो उडवणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच ताटाशेजारी बसलेला असतो.

वाशीम जिल्ह्याने 2021 च्या फेब्रुवारीत एकाच आठवड्यात गर्दीची दोन रूपं पाहिली. 23 तारखेला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला एक तत्कालीन मंत्री दर्शनाला आले आणि त्यांच्यासाठी हजारोंची गर्दी लोटली. गुन्हे दाखल झाले, वाहिन्यांनी तीच दृश्यं फिरवून फिरवून दाखवली. त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेतली 229 मुलं कोरोना पॉझिटिव्ह निघाली. तिथे ना मिरवणूक होती ना घोषणा. बरीच मुलं अमरावती-यवतमाळकडची, आणि दुसरी लाट तेव्हा त्याच बाजूला चढत होती. मुलं एका छताखाली झोपत होती, एका पंगतीला जेवत होती, एवढंच.

गर्दी म्हटलं की आपल्याला पोहरादेवी आठवते, देगाव आठवत नाही. मला विचाराल तर घरोघरी उपयोगी पडेल ते देगावच. मैदानातल्या गर्दीचं समर्थन कोणी करू नये; पण मोकळ्या वाऱ्यावर घटकाभर उभं राहणं वेगळं आणि खिडक्या लावलेल्या खोलीत रात्रभर झोपणं वेगळं. बोलताना, खोकताना, नुसतं मोठ्याने हसतानाही तोंडातून बारीक कण उडतात आणि कोंदट जागेत बराच वेळ तरंगत राहतात. अंदाज घ्यायला एक साधी खूण सांगतो. खोलीच्या एका कोपऱ्यात कोणी बिडी ओढली आणि दुसऱ्या कोपऱ्यात तुम्हाला वास आला, तर त्याचा श्वासही तुमच्यापर्यंत पोचला असं समजा. पहिल्या वर्षी आपण भाजी मिठाच्या पाण्यात धूत बसलो आणि खिडकी मात्र लावून घेतली! तेव्हा साथीच्या दिवसांत एसटीची काच खाली करा, थंडी वाजली तरी. लग्न टळत नसेल तर हॉलपेक्षा अंगणातला मांडव बरा. आजाऱ्याच्या खोलीत जायचं असेल तर दुपट्ट्यावर भागवू नका, नाकावर घट्ट बसणारा एन-95 लावा. नाक उघडं ठेवून हनुवटीला अडकवलेला मास्क फक्त पोलिसासाठी असतो.

हे सगळं करूनही ताप येईलच कोणाला तरी. खरी गडबड तिथून पुढे सुरू होते. 2020 मध्ये कोणी पॉझिटिव्ह निघालं की घरापुढे पत्रे ठोकले जायचे, गल्लीला बांबू लागायचे, आणि पत्रे निघाल्यावरही त्या घरचं दूध कोणी घेत नव्हतं. लोक शहाणे होते, त्यांनी त्यातून नेमका उलटा धडा घेतला: तपासायचंच नाही. आशाताई दारात आली की आतून आवाज, ‘आमच्या घरी सारे बरे आहेत.’ शेजाऱ्याने विचारलं तर, ‘काही नाही बाप्पा, हवापाण्याचा ताप व्हय.’ मग गावातच एक सलाईन, दोन इंजेक्शनं, जरा तरतरी, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री दोनला 108 ला फोन.

सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या, ते उगाच नव्हतं. या आजारात दम न लागताही रक्तातला ऑक्सिजन उतरतो. माणूस ओट्यावर बसून चहा पितो, गप्पा मारतो आणि आकडा 90 वर आलेला असतो. आकडा 94 च्या खाली गेला की घरी थांबू नका. मोजण्याआधी नेलपॉलिश काढा, गार पडलेलं बोट चोळून ऊन करा, नाहीतर यंत्र भलतंच दाखवतं. आकडा बरा दिसला तरी सहा मिनिटं घरातल्या घरात चाला, पुन्हा मोजा. तीनपेक्षा जास्त उतरला तर दवाखाना गाठा. शुगरवाल्यांनी आणि बीपीवाल्यांनी तर पहिल्याच दिवशी कळवायचं. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरचं स्टेरॉइड मनाने आणून घेऊ नका. काळ्या बुरशीने 2021 मध्ये किती जणांचे डोळे गेले, त्यांत शुगर वाढलेले आणि स्टेरॉइड घेतलेले फार होते.

साथीच्या दिवसांत मयतीला आणि तेरवीला जाऊ नका, असं सांगताना जीभ जड होते. आपल्याकडे लग्नाला नाही गेलं तर चालतं, माणूस गेल्यावर नाही गेलं तर जन्मभर ऐकावं लागतं. पण पोहरादेवीचीच दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. रामनवमीला जिथे महाराष्ट्रासह कर्नाटक-तेलंगणातून लाखो बंजारा भाविक येतात, तिथली यात्रा 2020 आणि 2021 अशी लागोपाठ दोन वर्षं भरली नाही. त्या लाखोंनी आपापल्या तांड्यातून हात जोडले. आपली तेरवीही चार घरच्या माणसांत होऊ शकते. बाकीचे नंतर भेटायला येतील.

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 ला कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. आजार गेल्याचं कोणी जाहीर केलेलं नाही. उद्या हाच येईल किंवा एखादा फ्लू येईल. लस आली की ती वेळेवर घ्या. लस घेतल्यावर लागण होतच नाही असं नाही, पण अतिदक्षता विभागात जायची वेळ पुष्कळांवरची टळते.

आणि शेजाऱ्यांसाठी थोडं. ताप आलेला शेतकरी घरात का थांबत नाही? हौस म्हणून नव्हे. गोठ्यात दोन जनावरं हंबरत असतात, रात्रीची लाइन आली की हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, दळण संपलेलं असतं. ते काम कोणी उचललं तरच तो घरात बसेल. म्हणून त्याला आधी सांगून टाका, शेणपाणी आम्ही करतो, आज मोटर माझा पोरगा चालू करेल, तू निजून राहा. डबा ओट्यावर ठेवा, चार पावलं मागे या आणि तिथूनच हाक मारा: ‘आज आकडा किती आला, भाऊ?’